गुणपत्रिकेबाहेरचे मूल

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक विद्यार्थी-गुणगौरव समारंभात, भिवंडी येथे, प्रमुख पाहुणे या नात्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या या समारंभाचे प्रमुख पाहुणेपद आपण मजसारख्या एका निवृत्त शिक्षकास दिलेत, याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे. खरे पाहता मी पाहुणा नव्हेच. याच सभागृहात, याच व्यासपीठाच्या एका कोपऱ्यात उभे राहून, गुणवंत विद्यार्थ्यांची नावे वाचून दाखविण्याचे काम मी कित्येक वर्षे केलेले आहे. आज ते काम तरुण कार्यकर्त्यांकडे गेले आणि मला खुर्ची मिळाली, एवढाच काय तो फरक.

ज्या मुला-मुलींचा आत्ताच सत्कार झाला त्यांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. त्यांच्या यशात त्यांच्या आईवडिलांचे कष्ट आहेत, शिक्षकांची मेहनत आहे, आणि त्यांचा स्वतःचा निश्चय आहे. त्या यशाची किंमत कमी करावी असा माझा हेतू मुळीच नाही. परंतु आज ज्यांची नावे या यादीत नाहीत त्यांच्याविषयी चार शब्द बोलावेत असे मी ठरवून आलो आहे. अशा मंगल प्रसंगी हा विषय कोणास अप्रस्तुत वाटला तर त्यांनी मला क्षमा करावी.

आपल्या संस्थेने सत्कारासाठी पंच्याहत्तर टक्के गुणांची अट घातलेली आहे. कोठेतरी रेषा आखावी लागते हे मला मान्य आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका समारंभाच्या वेळी मी पाणी पिण्यासाठी सभागृहामागच्या स्वयंपाकाच्या जागी गेलो. तेथे ताटांच्या चळतीमागे एक मुलगी बसली होती. तिची आई वाढपाच्या मदतीस आली होती. मुलीस चौऱ्याहत्तर टक्के गुण पडले होते. बाहेर तिच्या दोन मैत्रिणींच्या नावांवर टाळ्या पडत होत्या, आणि ही पोर कानांवर हात ठेवून बसली होती. मी तिला काय बोललो असेन? “पुढच्या वेळी अधिक अभ्यास कर,” एवढेच बोललो आणि नावे वाचावयास परत आलो. त्या वाक्याची मला आजही शरम वाटते. चौऱ्याहत्तर टक्के मिळविणाऱ्या मुलीची ही अवस्था, तर जे नापास झाले, ज्यांनी शाळाच सोडली, ज्यांना रात्र रात्र झोप लागत नाही, त्यांची काय अवस्था होत असेल!

आता दुसरी गोष्ट सांगतो. ती माझ्या स्वतःच्या चुकीची आहे, आणि ती सांगितल्यावाचून या विषयावर बोलण्याचा मला अधिकार पोहोचत नाही, असे मी मानतो.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी दहावीच्या एका वर्गाचा वर्गशिक्षक होतो. त्या वर्गात एक मुलगा होता. नववीपर्यंत तो पाठांतरात पुढे, प्रश्नांची उत्तरे देण्यास उत्सुक. दहावीत आल्यावर तो हळूहळू मागच्या बाकावर सरकला. दिवाळीपूर्वी तर तो तासाला डुलक्या घेऊ लागला. वही अपुरी, गृहपाठ नाही, विचारले तर उत्तर नाही. सहामाही परीक्षेत गणितात त्याला अकरा गुण मिळाले. मी त्यास वर्गात उभे केले आणि ते अकरा गुण सर्वांसमक्ष मोठ्याने वाचले. वर्ग हसला. हसण्याने त्यास लाज वाटेल व तो सुधारेल, असा माझा हिशेब होता. पुढे वडिलांस बोलावून घेतले. रात्रपाळी करून तसेच आलेले ते गृहस्थ शाळेच्या व्हरांड्यात हात जोडून उभे राहिले आणि मी त्यांसही चार शब्द सुनावले.

संक्रांतीनंतर मुलगा शाळेत आला नाही. परीक्षेचे प्रवेशपत्र घेऊन मी त्याच्या खोलीवर गेलो तेव्हा शेजाऱ्यांकडून सारे कळले. आई सहा महिने अंथरुणाला खिळलेली होती. मुलगा पहाटे उठून कांड्या भरण्याच्या कामास जाई, तेथून येऊन धाकट्या बहिणीचे आवरून देई, आणि मग शाळेत येई. आता त्यास मामाकडे गावी धाडले होते. तो त्या वर्षी परीक्षेस बसलाच नाही.

अनेक वर्षांनी तो मला एस.टी. स्थानकावर भेटला. माझ्या पाया पडला. मी त्याची क्षमा मागितली तेव्हा तो म्हणाला, “सर, तुम्ही रागावलात त्याचे काही नाही. पण त्या दिवशी मला वाटत होते, कोणीतरी मला वर्गाबाहेर बोलावून विचारावे, काय झाले आहे म्हणून.” बंधुभगिनींनो, मी त्याच्या वर्गात रोज जात होतो. प्रश्न विचारावयास मला एक मिनिट पुरले असते.

माझ्या भाषणाचा सारा विषय या एका मिनिटात सामावलेला आहे. ते मिनिट कोणी द्यावयाचे, कोठे द्यावयाचे, आणि त्यानंतर काय करावयाचे, याचा विचार शाळेने आणि समाजाने मिळून केला पाहिजे.

मुलाच्या मनाचे आरोग्य हा शब्दप्रयोग उच्चारला की आपल्यातील पुष्कळांच्या कपाळास आठ्या पडतात. याचे एक कारण आपल्या शेजारीच आहे. ठाण्यास १९०१ सालापासून मनोरुग्णालय आहे. आपल्या बोलण्यात “ह्याला ठाण्याला पाठवा” ही थट्टा त्यामुळेच रूढ झाली. मन आजारी पडणे म्हणजे वेड लागणे, आणि वेड लागणे म्हणजे घराण्याची अब्रू जाणे, अशी समजूत आपण पिढ्यानपिढ्या जपली. परंतु शरीरास जसा साधा ताप येतो तसाच मनासही येतो. मूल उगाच चिडते, एकटे बसते, आवडता खेळ सोडते, त्याचे खाणे वा झोप बिघडते, सकाळी शाळेची वेळ झाली की त्याचे पोट दुखू लागते, पूर्वी बोलणारे मूल गप्प होते. ही चिन्हे दोन दिवस राहून गेली तर काळजीचे कारण नाही. दोन आठवडे टिकली तर मात्र विचारपूस केली पाहिजे. त्यास आळस, नाटक किंवा बाहेरची बाधा म्हणून सोडून देणे म्हणजे तापाकडे दुर्लक्ष करण्यासारखेच होय.

हे दुखणे विरळा आहे असेही कोणी समजू नये. २०१५-१६ साली बंगलोरच्या निमहान्स संस्थेने केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वर्षे वयाच्या मुलांत मनोविकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. म्हणजे पंचेचाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात अशी तीन-चार मुले बसलेली असतात. आणि अत्यंत जड अंतःकरणाने दुसरा आकडा सांगतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी स्वतःचे जीवन संपविले, आणि राज्यवार यादीत आपला महाराष्ट्र पहिला होता. अशा घटनेमागे एकच कारण क्वचितच असते. परीक्षा हे निमित्त होते, आणि त्यामागे घरातील कलह, एकटेपणा, आजार, कर्ज, अपमान असे पुष्कळ काही साठलेले असते. म्हणूनच वेळीच दिलेल्या मदतीस येथे फार मोठा अर्थ आहे.

आपल्या भिवंडीची परिस्थिती तर आपणांस ठाऊकच आहे. हे यंत्रमागांचे गाव. आपल्यापैकी कोणी मागधारक आहेत, कोणी मागावर काम करतात, कोणी रस्त्यालगतच्या गोदामांत हिशेब लिहितात. मागांचा खडखडाट रात्रीही थांबत नाही. एका खोलीत पाच-सहा माणसे, त्यांत एकाची दिवसपाळी, दुसऱ्याची रात्रपाळी. दिवा लावावा तर झोपणाऱ्यास त्रास, मालवावा तर अभ्यास बुडतो. कापडाच्या बाजारात मंदी आली की घरात ताण, आणि तो ताण मूल न बोलता पीत राहते. या गावात मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा अनेक भाषांची मुले शेजारी शेजारी शिकतात. पुष्कळ पालकांनी पोटास चिमटा काढून मुलास इंग्रजी माध्यमात घातले. परंतु त्या पुस्तकातील एक ओळ घरात कोणास वाचता येत नाही, आणि आपल्या अडचणीत आईबापांचा उपयोग नाही असे मुलास वाटू लागते. त्यात हातात मोबाईल. वर्गात झालेली टिंगल पूर्वी शाळा सुटली की संपत असे. आता ती रात्री अंथरुणातही पाठ सोडीत नाही.

यावर उपाय काय, असा प्रश्न आपण कराल. उपाय नवे नाहीत, आणि परकेही नाहीत. मुंबईस सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने १९३७ सालीच मुलांच्या मनाच्या अडचणींसाठी बालमार्गदर्शन केंद्र काढले होते. त्याहून आपणांस अधिक जवळचे उदाहरण पारशी पंचायतीचे आहे. या समाजसंस्थेने १९४७ साली आपल्या मुलांसाठी व्यवसाय-मार्गदर्शन केंद्र सुरू केले. कोणत्या मुलाचा कल कोठे आहे, कोणास काय झेपेल, हे शास्त्रीय रीतीने पाहून सल्ला देण्याची व्यवस्था एका समाजाच्या पंचायतीने केली. मुंबई सरकारचे तसे केंद्र त्यानंतर, १९५० साली निघाले. म्हणजे या कामात समाजसंस्था शासनाच्या पुढे होती. शिष्यवृत्ती व वसतिगृहे यांजबरोबर ज्ञातिसंस्थांनी हेही काम करावे, याचा धडा घरचाच आहे.

आणि ज्या ठाण्याच्या नावाने आपण थट्टा करतो, त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था स्थापन केली. मन आजारी पडल्यावर उपचार करावेतच, पण ते निरोगी राहावे यासाठीही प्रयत्न करावेत, हा विचार तिने मराठी माणसाच्या भाषेत त्याच्या घरापर्यंत पोहोचविला. त्यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘वेध’ या परिषदेने नाना प्रकारच्या वाटा चोखाळलेली माणसे विद्यार्थ्यांसमोर आणली, आणि आयुष्याला दोन-तीनच दरवाजे असतात हा भ्रम पुष्कळ मुलांच्या व पालकांच्या मनातून काढला. ठाणे आपल्यापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे. अंतर रस्त्याचे थोडे, आणि संकोचाचे मात्र फार मोठे आहे.

आता शाळेकडे वळू. शिक्षकानेच मुलाचे मन जाणून घ्यावे, त्यासाठी वेगळा माणूस कशास हवा, असे मीही पूर्वी म्हणत असे. परंतु याविषयी एक महत्त्वाचा प्रयोग झालेला आहे. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेच्या संशोधकांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ शाळांत ‘सेहेर’ नावाचा उपक्रम पारखून पाहिला. काही शाळांत हे काम शाळेतीलच एका शिक्षकाकडे सोपविले. काही शाळांत त्यासाठी प्रशिक्षण दिलेला स्वतंत्र कार्यकर्ता नेमला. तो कार्यकर्ता मोठा पदवीधर मानसशास्त्रज्ञ नव्हता. प्रार्थनेच्या वेळी मुलांशी बोलणे, भित्तिपत्रक चालविणे, तक्रारी व प्रश्न टाकण्यासाठी एक पेटी ठेवणे, आणि ज्या मुलास बोलावयाचे असेल त्याचे एकांतात ऐकणे, असे त्याचे काम होते. २०१८ साली या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्वतंत्र कार्यकर्ता असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, मुलांतील उदासीनता कमी झाली, दांडगाई कमी झाली. शिक्षकाकडे काम सोपविलेल्या शाळांत मात्र तसा लाभ दिसला नाही.

याचा अर्थ शिक्षक वाईट असतात असा नाही. मी माझ्या अनुभवावरून सांगतो की, ज्याच्या हातात गुण देण्याची लेखणी आहे त्याच्यापाशी मूल मन मोकळे करण्यास कचरते, आणि शिक्षकाच्या डोक्यावर इतर कामांचा भारही असतोच. शिक्षकाने चिन्हे ओळखावीत, मुलास एका बाजूस घेऊन विचारावे, आणि पुढे योग्य माणसाकडे न्यावे. ऐकणारा माणूस मात्र निराळा असावा.

हेच तत्त्व आता कायद्याच्या भाषेतही आले आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी सर्व शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा. शिक्षकांना व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत व त्यांचा जाहीर पाणउतारा करू नये, असे त्यात सांगितले आहे. हा शेवटचा भाग वाचताना मला ते अकरा गुण आठवले. आपल्यापैकी जे शाळांच्या व्यवस्थापनावर आहेत, पालकसभांस जातात, त्यांनी आपल्या शाळेत असा माणूस आहे काय, हा प्रश्न नम्रपणे पण ठामपणे विचारावा.

याखेरीज शासनाच्या काही सोयी आजही हाताशी आहेत आणि त्या घरोघरी ठाऊक नाहीत. १४४१६ हा ‘टेली मानस’चा दूरध्वनी क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तेथे दिवसा वा रात्री केव्हाही, विनामूल्य बोलता येते. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून अमलात आला, शासकीय मानसोपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरविला आणि उपचाराची माहिती गुप्त राखणे हे बंधन घातले. ज्याने जीव देण्याचा प्रयत्न केला त्याचे मन तीव्र ताणाखाली होते असे हा कायदा गृहीत धरतो, आणि त्याची शुश्रूषा करणे हे शासनाचे कर्तव्य मानतो. तेव्हा पोलीसचौकीच्या भयाने कोणी मुलास घरात लपवून ठेवू नये, ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

परंतु क्रमांक भिंतीवर लिहिल्याने काम भागत नाही. मुलाचा हात धरून तेथवर नेणारा माणूस गल्लीत असावा लागतो. अशा माणसांची साखळी उभारता येते हे आपल्या महाराष्ट्राने दाखविले आहे. नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यात २०१३ सालापासून ‘आत्मीयता’ या उपक्रमात गावातील साध्या स्त्री-पुरुषांस दुःखी माणसाचे ऐकून घेण्याचे व गरज पडल्यास डॉक्टरांकडे पोहोचविण्याचे शिक्षण देण्यात आले. डॉ. हमीद दाभोलकर यांच्या ‘परिवर्तन’ संस्थेने ‘मानसमित्र’ घडविले. आणि खुद्द भिवंडीचे उदाहरण आपण का विसरावे? १९७० व १९८४ साली दंगलींनी होरपळलेल्या या गावात पोलीस उपायुक्त श्री. सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या बांधल्या. शेजारी शेजारी राहून एकमेकांशी न बोलणारी माणसे महिन्याकाठी एकत्र बसू लागली. पुढे १९९२-९३ साली मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. आग लागण्यापूर्वी बोलणे सुरू ठेवावे, हा त्यातील बोध आहे, आणि तो मुलाच्या मनासही लागू पडतो.

आता आपल्या संस्थेने काय करावे, यासंबंधी माझ्या पाच सूचना कार्यकारी मंडळापुढे ठेवतो.

पहिली सूचना अभ्यासाच्या जागेची. हे सभागृह लग्नकार्ये व सभा सोडल्यास संध्याकाळी रिकामे असते. ते रोज सहा ते दहा अभ्यासासाठी उघडावे. मागांच्या आवाजापासून दूर चार तास मिळणे हेच कित्येक मुलांच्या मनावरील निम्मे ओझे उतरविणे होय.

दुसरी सूचना नापास झालेल्यांविषयी आहे. २०१५ सालापासून दहावीच्या अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी निकालानंतर लगेच पुरवणी परीक्षा घेतली जाऊ लागली. पूर्वीसारखे सबंध वर्ष वाया जात नाही. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी आपल्या कार्यकर्त्यांनी अशा प्रत्येक घरी पेढे न नेता का होईना, पण जावे. परीक्षेचे शुल्क भरावे, शिकवणीची व्यवस्था करावी. शिष्यवृत्ती निधीचा एक भाग यासाठी राखून ठेवावा. निकालाचा दिवस यशस्वी घरांत गर्दीचा असतो, आणि अयशस्वी घरांत भयाण शांततेचा. त्या शांततेत ज्ञातीचा माणूस दार ठोठावून आत आला तर केवढा आधार होईल!

तिसरी सूचना ऐकणाऱ्या माणसांची. एक स्त्री व एक पुरुष, असे दोन समंजस सभासद निवडावेत, त्यांना ठाण्याच्या एखाद्या संस्थेकडून प्रशिक्षण द्यावे, आणि आठवड्यातून दोन दिवस ठरावीक वेळी त्यांनी येथे बसावे. उपचार करणे हे त्यांचे काम नव्हे. ऐकणे, धीर देणे, आणि गरज असेल तेथे डॉक्टरांकडे सोबत जाणे, एवढेच त्यांचे काम.

येथे एक अप्रिय सत्य बोलणे भाग आहे. ज्ञातीत सर्वजण सर्वांस ओळखतात, हे आपले बळ आहे आणि हीच आपली दुर्बलताही आहे. “आज अमक्यांची मुलगी तेथे गेली होती,” ही बातमी संध्याकाळपर्यंत चार घरी पोहोचते, आणि उद्या तिच्या लग्नाच्या वेळी स्थळाकडील मंडळींच्या कानी जाते. या भीतीनेच आया आपल्या लेकींस डॉक्टरकडे नेत नाहीत. म्हणून ऐकणाऱ्यांनी गुप्ततेची शपथ घ्यावी, तेथे नोंदवहीत नाव लिहिले जाऊ नये, आणि ज्यास ज्ञातीबाहेरच्या माणसाशी बोलावयाचे असेल त्यास त्या सोयीचा पत्ता द्यावा. जो सभासद अशी गोष्ट चव्हाट्यावर आणील त्यास संस्थेच्या कोणत्याही पदावर स्थान नसावे.

चौथी सूचना, ही सोय केवळ आपल्या मुलांपुरती नसावी. आपल्या मुलाच्या बाकावर बसणारा मुलगा अन्य जातीचा, अन्य धर्माचा, अन्य भाषेचा आहे. त्याचे दुःख आपल्या मुलाच्या दुःखास लागूनच बसलेले असते. अभ्यासिकेचे दार साऱ्या गल्लीस उघडे असावे.

पाचवी सूचना या समारंभासंबंधी. गुणवंतांचा सत्कार अवश्य व्हावा. परंतु पुढील वर्षापासून यादीतील नावे गुणांच्या उतरत्या क्रमाने न वाचता अकारविल्हे वाचावीत, आणि आईच्या आजारपणात घर सांभाळून शिकणारी मुले, नापास होऊन पुन्हा उभी राहिलेली मुले, हात-कसबात प्रवीण असलेली मुले, यांचाही त्याच व्यासपीठावर, तोच नारळ व तीच शाल देऊन गौरव व्हावा.

खर्चाचा प्रश्न निघेल. वार्षिक सहभोजनात एक पक्वान्न कमी केले तर यातील पुष्कळ गोष्टी होतील, असा माझा अंदाज आहे. पैशापेक्षा येथे माणसांच्या वेळेची गरज अधिक आहे.

पालकांस माझी एकच विनंती आहे. मूल घरी आले की पहिला प्रश्न गुणांचा विचारू नका. “आज काय झाले?” असे विचारा आणि ते बोलेपर्यंत थांबा. शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. आपणांस लिहितावाचता येत नसले तरी ऐकता येते, आणि मुलास त्याचीच भूक असते. मुलाच्या बोलण्यात जगण्याचा कंटाळा डोकावला तर त्यास धमकी समजू नका, त्यास एकटे सोडू नका, त्याच दिवशी मदत घ्या.

आणि विद्यार्थिमित्रांनो, आपल्या गावात मागावर उभा धागा तुटला की कारीगर काय करतो हे तुम्ही रोज पाहता. तो माग थांबवितो, धागा सांधतो, आणि मग पुढे चालू करतो. तुटक्या धाग्यावर तो तागा रेटीत नाही, आणि तुटला म्हणून कापड फेकूनही देत नाही. तुमच्या मनाचा धागा कधी तुटला तर थांबा आणि कोणासतरी हाक मारा. आई, काका, मित्र, शिक्षक, १४४१६ वरील अनोळखी आवाज, कोणीही चालेल. हाक मारण्यात कमीपणा नाही. तुमच्या शेजारचा मित्र गप्प झाला असेल तर त्यास वर्गाबाहेर नेऊन, काय झाले, असे तुम्हीही विचारू शकता. त्याने जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा केली तर ती गोष्ट मात्र पोटात ठेवू नका. मोठ्या माणसास सांगा. ते मैत्रीशी द्रोह करणे नव्हे.

अध्यक्षमहाशय, सूचना करून खुर्चीत बसणे सोपे असते. म्हणून मी आपल्या अनुमतीने एवढेच जाहीर करतो की, येत्या रविवारपासून दर रविवारी सायंकाळी चार ते सहा मी या सभागृहाच्या ग्रंथालयाच्या खोलीत बसेन. प्रशिक्षणासाठी पहिले नाव माझे लिहून घ्यावे. वय झाले आहे, पण कान शाबूत आहेत. कदाचित पहिले काही रविवार कोणी येणारही नाही. तरी दार उघडे राहील. तीस वर्षांपूर्वी एका मुलास जे एक मिनिट मी दिले नाही, ते या वयात थोडेथोडे फेडता आले तर मी स्वतःस धन्य समजेन.

 चिटणीसांस एक विनंती करून भाषण पुरे करतो. गुणवंतांची यादी त्यांच्या हाती आहेच; या वर्षी परीक्षेस बसलेल्या आपल्या सर्व मुलांची यादी त्यांनी मला द्यावी. पहिल्या रविवारी मी तीच घेऊन बसणार आहे.